गराचा टोमॅटो : बियापासून बियापर्यंत



फेब्रुवारीच्या आठवडी बाजारात टोमॅटो पुष्कळदा मातीमोल विकला जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर तोच परवडेनासा होतो. जाड गराचा, कमी पाण्याचा टोमॅटो लावला तर जास्तीचे फळ वाळवून किंवा आटवून ठेवता येते. ज्या घरी उन्हाळ्यात भाजी मिळत नाही, तिथे त्याचा मोठा आधार होतो. सातपुड्याच्या पायथ्याची उष्ण हवा डोळ्यांपुढे ठेवून हा पाठ दिला आहे. तो गावातील गटात वाचून दाखवावा. ज्यांना शेत नाही त्यांनी गच्चीवर कुंडीत करून पाहावा.

१. आधी वेळ ठरवा

टोमॅटोचे झाड ऊन सोसते, पण फूल सोसत नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले आणि रात्रही उबदार राहिली, की परागकण निकामी होतात व फुले गळतात. मग खत-पाणी कितीही द्या, फळ धरत नाही. म्हणून हिशेब उलटा करावा. फुले डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत यायला हवीत. लागवडीनंतर साधारण महिन्याने फुले येतात आणि रोप तयार व्हायला चार-पाच आठवडे लागतात. म्हणजे बी सप्टेंबरच्या अखेरीस पडले पाहिजे. डोंगरमाथ्यावर कडाक्याची थंडी पडते, तिथे पंधरा दिवस आधी पेरावे. जानेवारीत पेरलेल्या बियाची फुले ऐन मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतात.

२. वाण

लांबट, कमी बियांचे, झुडूपवजा वाढणारे सरळ वाण घ्यावे. रोमा, पुसा गौरव आणि पंजाब छुहारा हे या प्रकारातले आहेत. संकरित वाणाचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर झाडे सारखी निघत नाहीत. सरळ वाणाचे बी घरचे राहते.

३. रोपे

एका गुंठ्याला ६० × ४५ सेंटिमीटर अंतराने सुमारे ३७० रोपे लागतात. त्यासाठी दोन-तीन ग्रॅम बी पुरते. १५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करून कुजलेले शेणखत मिसळावे. १० सेंटिमीटरवर ओळी ओढून बी एक सेंटिमीटर खोल, विरळ पेरावे. उगवेपर्यंत वर गवत अंथरावे आणि कोंब दिसताच ते काढावे. दाट पेरले व संध्याकाळी पाणी तुंबले, तर रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. म्हणून पाणी सकाळी, झारीने द्यावे.

पांढरी माशी पाने आखडण्याचा विषाणुरोग पसरवते. रोग लागलेले झाड बरे होत नाही, म्हणून वाफ्यावर पहिल्या दिवसापासून बारीक जाळी किंवा जुनी पातळ ओढणी ताणून बांधावी.

४. लागवड व निगा

पाच-सहा पानांचे रोप संध्याकाळी लावावे व लगेच पाणी द्यावे. बुंध्याभोवती भाताच्या पेंढ्याचे किंवा पाचोळ्याचे आच्छादन घालावे, म्हणजे ओल टिकते. लांबट फळांच्या टोकाला काळा, दबलेला डाग पडतो. ती कीड नव्हे. पाणी कधी तुटले, कधी जास्त झाले, की चुना फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. यावर नेमाने, थोडे थोडे पाणी देणे हाच उपाय.

टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे ओढला जातो. झेंडूचे रोप टोमॅटोपेक्षा १५-२० दिवस मोठे असावे, म्हणजे दोन्ही एकदम फुलतात.

५. तोडणी व साठवण

३० अंशांच्या वर फळाला लाल रंग नीट चढत नाही, ते पिवळट राहते. म्हणून ऊन वाढू लागले की फळ गुलाबी छटेवर तोडून सावलीत पिकवावे. पिकलेले फळ उभे चिरून, मीठ लावून, पातळ कापडाखाली उन्हात वाळवावे. रात्री ते घरात घ्यावे. फोड वाकवल्यावर चामड्यासारखी लागली आणि आत ओल उरली नाही, की घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. आमटीत चार फोडी टाकल्या तरी चव येते.

६. बी राखणे

बी निवडताना आधी झाड पाहावे. निरोगी, लवकर धरलेल्या, भरपूर फळांच्या झाडाला चिंधी बांधून खूण करावी आणि त्याची फळे विकू नयेत. पूर्ण पिकल्यावर बियांचा लगदा भांड्यात एक-दोन दिवस आंबवावा. मग धुवावा, म्हणजे चांगले बी तळाशी बसते. ते ताटलीत, सावलीत वाळवावे. कागदावर ते चिकटते. कोरडे झाल्यावर काचेच्या बाटलीत भरून वाणाचे नाव व वर्ष लिहावे. नीट ठेवलेले बी तीन-चार वर्षे उगवते.

पेरण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवाव्यात. सातच्या वर उगवल्या तर बी चांगले. त्यातले चमचाभर शेजारच्या घरी द्यावे. आपले पीक एखाद्या वर्षी बुडाले, तर तेच बी परत मागता येते.