शाळेची बस नाही? मग सोडण्या-आणण्याचा खरा खर्च मांडा

आमच्या मुलीच्या शाळेला बस नाही. प्रवेश घेताना फी विचारली, गणवेश-पुस्तकांचे विचारले, डब्यात काय चालते तेही विचारले. मूल रोज शाळेत पोचणार कसे, हे मात्र विचारायचे राहून गेले. घर ते शाळा अंतर चार किलोमीटर, पण ते पुण्यातले. म्हणजे एका फेरीला वीस मिनिटे.

जून आला की शाळेच्या फाटकाशी पालकांमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: ‘व्हॅनचे महिन्याला किती घेतात?’ स्कूटर, रिक्षा, व्हॅन, बस असे सगळे प्रकार करून झाल्यावर मला हा प्रश्न अपुरा वाटतो. पहिलीतल्या मुलाला सोडायला मोठे माणूस जाते आणि एकटे परत येते. शाळा सुटताना पुन्हा एकटे जाते आणि मुलाला घेऊन येते. मुलाच्या फेऱ्या दोन, माणसाच्या चार. या दोन रिकाम्या फेऱ्या कुणी हिशेबात धरत नाही, आणि बहुतेक घरांत त्या आईच्या वाट्याला येतात. म्हणून खालचा प्रत्येक हिशेब मी चार फेऱ्यांचा मांडला आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरवले आहे, म्हणून दिवस २०० धरले आहेत. तुमचे अंतर वेगळे असेल तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

स्कूटर

चार फेऱ्यांचे रोजचे सोळा किलोमीटर. गाडी लिटरला चाळीस देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे धरले, तर दिवसाला ४२ रुपये, वर्षाला ८,४००. गाडी ३,२०० किलोमीटर जास्त पळते. तिचे सर्व्हिसिंग, ऑइल, टायरची झीज यांचे अडीच हजार धरले की आकडा अकरा हजारांच्या घरात जातो. व्हॅनच्या निम्मा, म्हणून आपण खूश होतो.

आता वेळ मोजा. वीस-वीस मिनिटांच्या चार फेऱ्या म्हणजे रोजची ८० मिनिटे, वर्षाचे २६६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर पूर्ण ३३ दिवस. फाटकाबाहेर शाळा सुटण्याची वाट बघत काढलेला वेळ यात नाहीच. समजा व्हॅनला वर्षाचे २२ हजार पडतात आणि स्कूटरला ११ हजार. वाचलेल्या ११ हजारांना २६६ तासांनी भागा: तासाला ४१ रुपये. ज्या बाईने दुपारच्या फेरीसाठी अर्धवेळ नोकरी सोडली, शिकवणी बंद केली किंवा शिलाईची कामे नाकारली, तिच्या तासाची किंमत घराने ही ठरवलेली असते. कागदावर मांडत नाहीत, म्हणून ती कुणाला दिसत नाही. शाळा ऑफिसच्या वाटेवर असेल तर गोष्ट वेगळी. सकाळची रिकामी फेरी वाचते, आणि तेव्हा स्कूटरसारखे सोयीचे काही नाही.

स्कूटरच्या हिशेबात मुलाचे हेल्मेट हवेच. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेटबरोबर चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टाही लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. या दोन वस्तूंसाठी दोन हजार बाजूला ठेवा. डोके वाढते, त्यामुळे हेल्मेट दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते. मोठ्या भावाचे सैल हेल्मेट धाकटीला घालू नका, पडताना ते आधी निघून जाते.

आणि हे कुणाला आवडणार नाही, तरी सांगते. एक मूल पुढे उभे, एक मागे बसलेले, हे चित्र आपल्या अंगवळणी पडले आहे. पण दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस बसू शकतो आणि मूलही माणसातच मोजले जाते. त्यासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित होण्याची तरतूद आहे. दोन मुले दोन वेगळ्या वेळांना शाळेत जात असतील तर स्कूटरचा खर्चही, तासही दुप्पट होतात.

व्हॅन

हिशेबासाठी महिन्याला २,००० रुपये धरू. तुमच्या भागात कमी-जास्त असतील. पण दराच्या आधी विचारायचे ते हे: पैसे किती महिन्यांचे? दहा महिन्यांचे असतील तर वर्षाला २० हजार, अकराचे २२, बारा महिन्यांचे २४ हजार. दर तोच, फरक चार हजारांचा. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीचे पैसे घेतात का, मूल आठवडाभर आजारी पडले तर काय, डिझेल वा सीएनजी महागला तर मध्येच दर वाढणार का, हे जूनमध्येच लिहून घ्या. व्हॅनवाले काका कितीही चांगले असोत, कागद असू द्या. तो त्यांनाही उपयोगी पडतो, कारण पैसे बुडवणारे पालकही असतात.

पुढचे काम पाच मिनिटांचे आहे. गाडीची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरे काळी आहेत का ते बघा. विजेवरची व्यावसायिक गाडी असेल तर प्लेट हिरवी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी असते. तिच्यात पैसे घेऊन मुले नेणे परवान्याविना वाहतूक होते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकला की योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांच्या मुदती दिसतात. आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. मुदत संपलेली दिसली तर काकांना स्पष्ट विचारा, त्यात अवघडण्यासारखे काही नाही. मग एकदा शाळा सुटताना जाऊन सगळी मुले बसलेली असताना गाडीत डोकावा. किती जण आहेत, कुणी कुणाच्या मांडीवर आहे का, दप्तरे पायात आहेत का, लहानांना चढवायला-उतरवायला कुणी ताई किंवा मावशी आहे का, हे तेव्हाच कळते.

‘आमची बस नाही, तुमचे तुम्ही बघा’ असे शाळेने म्हटले तरी तिथेच थांबू नका. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. त्यांत प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी असे म्हटले आहे. पालक-शिक्षक संघाचे, वाहतूक पोलिसांचे आणि आरटीओचे प्रतिनिधी त्या समितीत असतात, आणि मुलांच्या वाहतुकीचे भाडे व थांबे हे तिचेच विषय आहेत. आमच्या शाळेत पाच पालकांनी मिळून लेखी अर्ज दिला, तेव्हा कुठे समितीची बैठक झाली. शाळेत येणाऱ्या परवानाधारक व्हॅनची यादी आम्हाला त्या बैठकीतून मिळाली. एकट्याने तोंडी विचारले होते तेव्हा काहीच हाती लागले नव्हते.

वेळेचाही परिणाम दरावर होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. लहान मुलांच्या झोपेसाठी हे चांगलेच झाले. पण सात वाजता मोकळ्या रस्त्यावरून होणारी फेरी आता ऑफिसच्या गर्दीत सापडते, आणि मोठ्यांची एक आणि लहानांची एक अशा दोन फेऱ्यांवर ज्यांचे गणित चालायचे, त्यांना ते पुन्हा बसवावे लागते. दर ऐकून रागावण्याआधी काका दिवसात किती फेऱ्या करतात ते विचारा.

प्राप्तिकरात जुन्या करप्रणालीखाली शिक्षणशुल्काची वजावट मिळते, पण व्हॅनचे पैसे तिच्यात धरता येत नाहीत. शाळेच्या पावतीत वाहतूक खर्च असला तरी तो वजा करूनच आकडा भरा.

रिक्षा आणि बस

पुण्यात सप्टेंबर २०२२ पासून रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असा दर आहे. चार किलोमीटरचे ६८ होतात. पहिलीतल्या मुलाला एकटे पाठवायचे नाही, म्हणजे चार फेऱ्यांचे २७२. रोजचा मार्ग म्हणून ही चैन आहे. महिन्यावर ठरवलेली, सात-आठ मुले कोंबलेली रिक्षा स्वस्त पडते, पण रिक्षाला दार नाही, पट्टा नाही. लहान मुलांसाठी ती मी ठरवणार नाही.

पीएमपीच्या बसला जून २०२५ पासून पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये तिकीट आहे. सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाचे चार फेऱ्यांचे ४० रुपये, महिन्याच्या वीस दिवसांचे ८००. यासाठी दीड हजारांचा मासिक पास काढू नका, तिकीटच स्वस्त पडते. पुणे महापालिका खासगी शाळांतील मुलांना पासात ७५ टक्के सवलत देते, तीही पाचवीपासून. एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मुलींना मिळतो, तोही पाचवी ते बारावीलाच. ज्या चार वर्षांत मुलाबरोबर मोठ्या माणसाला जावेच लागते, त्या वर्षांना या सवलती शिवतच नाहीत. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, गावाकडच्या आईला तेवढाच आधार.

गावात वा वस्तीवर एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची शाळा नसेल, तर समग्र शिक्षा अभियानात मुलामागे वर्षाला सहा हजार रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागा.

पाळी लावून मुले नेणे हा मला सर्वांत आवडलेला मार्ग आहे. एकाच सोसायटीतली तीन घरे, मागच्या सीटवर तीन मुले, तिघांना पट्टे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा नसेल तर हजार रुपये दंड आहे, म्हणून चौथे मूल घेऊ नका. कार लिटरला चौदा देत असेल तर दिवसाला १२० रुपये पेट्रोल. प्रत्येक घराला ६७ दिवस येतात, म्हणजे वर्षाला आठ हजार रुपये आणि २६६ ऐवजी ८९ तास. पैसे घेऊ-देऊ नका, पाळ्याच वाटा, म्हणजे परवान्याचा प्रश्नच येत नाही. शाळा किलोमीटरभरावर असेल तर हीच पाळी पायी लावा. खर्च काहीच नाही, आणि मुलांना रस्ता ओलांडायला शिकवणे आपोआप होते.

ज्यांचा प्रवेश अजून व्हायचा आहे, त्यांनी लांबच्या शाळेच्या फीमध्ये पहिली ते चौथीच्या व्हॅनचे ८८ हजार मिळवावेत आणि मग जवळच्या शाळेशी तुलना करावी.

कोणताही मार्ग निवडा, फसलेल्या दिवसांसाठी पैसे वेगळे ठेवा. एका ऑक्टोबरात आमची व्हॅन दोन आठवडे आलीच नाही, आणि पैसे आगाऊ दिलेले होते. रिक्षाच्या दहा दिवसांचे २,७२० रुपये मी आता जूनमध्येच पाकिटात घालून ठेवते. त्याच पाकिटात दोन शेजाऱ्यांचे नंबर आणि शाळेला दिलेल्या पत्राची प्रत आहे. व्हॅन नाही आली तर मुलीला कुणाच्या हाती द्यायचे, त्यांची नावे त्या पत्रात आहेत.