डब्यावरचे आकडे आणि विदर्भाचा उन्हाळा

इंजिन ऑइलच्या डब्यावरील '५डब्ल्यू-३०' हे आकडे तापमानाचे अंश दाखवतात, असे अनेक वाहनधारक समजतात. प्रत्यक्षात ते श्यानतेचे, म्हणजे वाहताना तेलाच्या अंगी असणाऱ्या दाटपणाचे, दर्जे आहेत आणि ते एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या 'जे३००' मानकाने ठरतात. 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून, थंडीत इंजिन फिरेल इतपत तेल वाहते राहते की नाही याची चाचणी ५डब्ल्यूसाठी उणे ३० अंश सेल्सिअसला, तर २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना होते. दुसरा आकडा १०० अंशांवरील दाटपणाचा असतो : ३० दर्जाचे तेल तेथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, तर ५० दर्जाचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक भरते; तुलनेसाठी, २० अंशांचे पाणी सुमारे १ सेंटिस्टोक असते.

तेल तापले की पातळ होते, म्हणून विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दाट तेलच हवे, हा तर्क ऐकताना निर्दोष वाटतो, आणि प्रस्तुत लेखकाची फसगत त्यानेच केली. ५डब्ल्यू-३०ची शिफारस असलेल्या कारमध्ये २०डब्ल्यू-५० भरताच सकाळी इंजिन सुरू करताना टॅपेटचा आवाज येऊ लागला, गाडी ओढल्यासारखी चालू लागली आणि मायलेज घटले. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट शीतकाचे तापमान ९० अंशांच्या आसपास राखतो, त्यामुळे बाहेर २० अंश असोत वा ४५, तापलेल्या इंजिनातील तेलाच्या तापमानात त्या मानाने थोडाच फरक पडतो, हे त्या वेळी ध्यानात आले नव्हते. उलट, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतील तेल उन्हाळ्यातही पहाटे ३० अंशांपर्यंत निवलेले असते, आणि त्या अवस्थेत २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३०च्या दुपटीहून दाट असल्याने व्हॉल्व्हपर्यंत उशिरा पोचते. झीज व्हायची ती नेमकी याच क्षणांत.

हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलीत मात्र बाहेरच्या उष्म्याचा परिणाम तेलावर थेट होतो, म्हणून तेथे पुस्तिकेतील तापमानाचा तक्ता पाहून, त्यात दिलेल्या दर्जांपैकीच एक निवडणे योग्य ठरते. ज्या मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, त्यांच्यासाठी डब्यावर 'जासो एमए' ही खूणही पाहावी, कारण घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेल्या कारच्या तेलाने असा क्लच घसरू शकतो.