खताच्या गोणीवरचे तीन आकडे

खताच्या दुकानात रचलेल्या गोण्यांवर १०:२६:२६ किंवा १८:४६:० असे आकडे छापलेले आपण पाहिले असतील. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे हे वजनी शेकडा प्रमाण होय. ते छापणे उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. खत नियंत्रण आदेश प्रथम १९५७ साली निघाला; त्याची जागा १९८५ च्या आदेशाने घेतली. तो १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखालील आहे. गोणीत काय आहे ते गोणीवर लिहिणे, दुकानात साठा व दर यांचा फलक लावणे, गिऱ्हाइकाला पावती देणे ही सारी त्यातली बंधने.

एवढा बंदोबस्त कशाला? कापडाचा रंग कच्चा असेल तर तो पहिल्या धुण्यातच कळतो. पेरणीबरोबर दिलेल्या खतात स्फुरद नव्हता हे मात्र पीक सांगेल तेव्हा हंगाम गेलेला असतो आणि उरते ते कर्ज. तेव्हाही पाऊस, बियाणे, कीड यांपैकी दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण. म्हणून खताची परीक्षा पिकावर नव्हे, गोणीतच व्हायला हवी.

आता आकड्यांकडे वळू. नत्राचा आकडा सरळ आहे. तो नायट्रोजन या मूलद्रव्याचाच. परंतु शेतीच्या भाषेत स्फुरद म्हणजे फॉस्फरस नव्हे, तर फॉस्फरस पेंटॉक्साइड; आणि पालाश म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड. गंमत अशी, की गोणीत हे दोन्ही पदार्थ नसतातच! एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञ पृथक्करणाचे निकाल ऑक्साइडच्या रूपात मांडत. ती रीत आजवर टिकली. फॉस्फरसचा अणुभार ३१ आणि ऑक्सिजनचा १६ धरला तर पेंटॉक्साइडच्या १४२ भागांत फॉस्फरस ६२ भाग येतो. म्हणजे १८:४६:० या डायअमोनियम फॉस्फेटच्या १०० किलोंत फॉस्फरस ४६ किलो नसून सुमारे २० किलोच असतो. यात फसवणूक नाही. सर्व गोण्यांना एकच माप लागू असल्याने तुलना बिघडत नाही, एवढेच.

युरियाचा रेणुभार ६० आणि त्यात नत्र २८. म्हणजे शुद्ध युरियात ४६.७ टक्के. आदेशाने किमान ४६ टक्के ठरविले आहे, तेव्हा भेसळीला जागा फारशी उरत नाही. ओलावा १ टक्क्याहून अधिक चालत नाही. नाहीतर शेतकरी पाण्याचे पैसे मोजेल. २०१८ पासून युरियाची गोणी ५० ऐवजी ४५ किलोंची झाली. त्यामुळे गोणीतले नत्र २३ किलोंवरून २०.७ किलोंवर आले. ‘एकरी एक गोणी’ असा हिशेब ठेवणाऱ्याने हे ध्यानात घेतलेले बरे.

कायद्याचा सर्वांत शास्त्रीय भाग मला नमुना घेण्याच्या रीतीत दिसतो. चिवड्याचा डबा चार वेळा हलवून पाहा. शेंगदाणे वर राहतात, चुरा तळाशी जातो, कारण हलताना पडणाऱ्या फटींतून बारीक कण खाली घसरतात, मोठे घसरू शकत नाहीत. मालमोटारीत हेलकावे खाल्लेल्या मिश्रखताचेही तेच होते. दोन घटकांचे दाणे लहानमोठे असतील तर वरची मूठ एक आकडा सांगेल, तळाची दुसरा. म्हणून खत निरीक्षकाने वरची मूठ उचलून चालत नाही. खाचा असलेली नळी गोणीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपी खुपसून सर्व थरांतले खत घ्यावे लागते. ते एकत्र मिसळून त्याचे तीन भाग करतात. एक प्रयोगशाळेकडे जातो, एक विक्रेत्याला मिळतो आणि तिसरा वरिष्ठ अधिकाऱ्याकडे मोहोरबंद राहतो. निकालाबद्दल तंटा झाला तर हा तिसरा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासला जातो.

वर्गात करण्याजोगे एक उदाहरण: म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीवर पालाश ६० टक्के लिहिलेले असते. हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. पोटॅशियमचा अणुभार ३९ व क्लोरीनचा ३५.५ घेऊन गोणीतील क्लोराइड किती टक्के शुद्ध आहे ते काढा. उत्तर सुमारे ९५ यावे.