ब्लीचिंग पावडर आणि आम्ल : एकत्र नकोत

बीड जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना टीसीएल अर्थात ब्लीचिंग पावडर चांगली परिचयाची आहे. जलसुरक्षक तिने पिण्याचे पाणी निर्जंतुक करतो. शौचालये व गटारे यांच्या स्वच्छतेसाठीही ती वापरली जाते. बालाघाटच्या परिसरात विंधन विहिरींच्या जड पाण्याने फरशीवर पांढरे थर बसतात. ते काढण्यासाठी घरोघरी व शाळांतून 'ॲसिड', म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल, आणले जाते. ही दोन्ही द्रव्ये उपयुक्त आहेत. धोका आहे तो त्यांच्या मिश्रणात.

एकाने डाग गेला नाही, तर त्यावरच दुसरे ओतावे, असे सहज वाटते. परंतु ब्लीचिंग पावडरवर आम्ल पडताच क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला तो हाच वायू. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. खाली बसून फरशी घासणाऱ्याच्या नाकातोंडात तो प्रथम जातो. शौचालय स्वच्छ करण्याच्या अनेक तयार द्रवांतही हेच आम्ल असते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून एका वेळी एकच द्रव्य वापरावे व भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. दार-खिडकी उघडी ठेवावी, रबरी हातमोजे घालावेत. आम्ल सौम्य करताना ते पाण्यात हळूहळू ओतावे, आम्लात पाणी ओतू नये. शीतपेयाच्या बाटलीत ते कदापि भरू नये. पावडर कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून व आम्लापासून दूर ठेवावी. ओल लागल्यास तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि पाणी शुद्ध करण्याची तिची शक्ती घटते.

वायूची बाधा झाल्यास रोग्यास तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे. डोळ्यांत किंवा त्वचेवर द्रव्य उडाल्यास किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व द्रव्याची बाटली सोबत न्यावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या आदेशानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकण्यास मनाई आहे. मग शाळेच्या स्वच्छतेसाठी ते विद्यार्थ्याच्या हाती देणे कसे योग्य ठरेल? शिक्षकांनी हा पाठ वर्गात द्यावा, सरपंचांनी ग्रामसभेत मांडावा आणि पावडर व आम्ल यांच्या साठ्याची जागा आजच वेगळी करावी.