साउंड कार्ड, बादली आणि आजीच्या ओव्या

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण त्याची सुरुवात माझ्या आजीपासून झाली.

मागच्या दिवाळीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या. आजी ८४ वर्षांची, पण तासभर गायली. होस्टेलवर येऊन ऐकते तर काय, मधूनमधून ‘टक् टक्’ आणि वरच्या सुरात आवाज फाटलेला. रूममेट म्हणाली, “माईक भंगार आहे गं.” माईक चांगला होता. चूक माझ्या सेटिंगची होती.

आधी ‘टक् टक्’ बघू. साउंड कार्ड दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतं. सीडीचाही हाच दर. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि माप त्याच्या दुपटीहून जास्त वेळा घ्यावं लागतं, म्हणून हा आकडा. ही मापं म्हणजे सॅम्पल्स. ती एकेक करून प्रोसेसरकडे जात नाहीत, आधी बफरमध्ये साठतात.

बफर म्हणजे नळाखालची बादली. एक भरतेय तोवर दुसरी रिकामी करून आणायची. बादली लहान असेल तर फेऱ्या जास्त. तेवढ्यात रेक्टर मॅडमनी हाक मारली (म्हणजे अँटीव्हायरस किंवा अपडेट सुरू झालं) की पाणी सांडलं! सांडलेले सॅम्पल्स परत मिळत नाहीत, तिथेच ‘टक्’ ऐकू येतं. प्लेबॅकमध्ये उलटं होतं. प्रोसेसर वेळेवर भरत नाही, बादली कोरडी पडते आणि गाणं तुटतं.

मग बादली मोठीच का घेऊ नये? कारण उशीर होतो. २५६ सॅम्पल्सचा बफर भरायला २५६ भागिले ४४,१०० सेकंद, म्हणजे ५.८ मिलिसेकंद लागतात. २,०४८ चा असेल तर ४६.४. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला एवढा उशीर खटकतो. आजी काही हेडफोन लावत नाही, म्हणजे मोठा बफर चालला असता.

आता फाटलेला आवाज. १६ बिटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७. त्यावर गेलेला आवाज सरळ छाटला जातो. मी माईक बूस्ट ३० डेसिबलवर ठेवला होता, म्हणजे सिग्नल जवळजवळ ३२ पट!

विंडोजवर काय करायचं ते क्रमाने:

१) कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड, मग रेकॉर्डिंग, मग माईकच्या प्रॉपर्टीज उघडा. लेव्हल्समध्ये बूस्ट शून्य करून बघा, आवाज कमी पडला तरच १० करा.
२) अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ४४,१०० किंवा ४८,००० निवडा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच दर ठेवा. एन्हान्समेंट्स असतील तर बंद करा.
३) ऑडॅसिटी वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये बफर लेंथ मुळात १०० मिलिसेकंद असते. ‘टक् टक्’ आलं तर वाढवा. एकटा माणूस बोलत असेल तर मोनो पुरे, मिनिटाला साधारण ५.३ एमबी जागा लागते.
४) वाय-फाय, ब्राउझर, अपडेट बंद करा. पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सवर ठेवा. आणि पंखाही बंद करा!
५) सगळ्यात मोठ्या आवाजात गायला सांगून मीटर बघा. काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहिला पाहिजे.

सेमिस्टर संपल्यावर पुन्हा गावी गेले. या वेळी रेकॉर्डिंग स्वच्छ आलं, पण फक्त ११ मिनिटांचं. आजीला आता दम लागतो. दिवाळीत गायलेल्या दोन ओव्या तर तिला आठवल्याच नाहीत. त्या आता फक्त माझ्या त्या फाटक्या फाईलमध्ये आहेत. ती फाईल मी डिलीट केलेली नाही.

तेव्हा सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना बसवण्याआधी अर्ध्या मिनिटाची टेस्ट घ्या. सेटिंग पुन्हा करता येतं, माणसाला पुन्हा गायला सांगता येईलच असं नाही.