छायाप्रकाशाचा चित्रकार

(चित्रात उजेड दाखवायचा असेल, तर आधी सावली ओळखावी लागते. हॉलंडमधील थोर चित्रकार रेम्ब्रांट याने ही गोष्ट आयुष्यभर कशी जपली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री एक गंमत करून पाहा. खोलीतला दिवा बंद करा आणि आरशासमोर बसा. भावाला किंवा बहिणीला पेटती विजेरी तुमच्या समोर, पण एका बाजूला आणि डोक्यापेक्षा थोडी उंच धरायला सांगा. आता आरशात पाहा. चेहऱ्याची एक बाजू उजळलेली दिसेल, दुसरी अंधारात असेल. विजेरी थोडी पुढेमागे केलीत, तर अंधारातल्या गालावर, डोळ्याच्या खाली, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण दिसेल. छायाचित्रकार या प्रकाशाला आजही 'रेम्ब्रांटचा प्रकाश' म्हणतात.

हा रेम्ब्रांट कोण होता?

त्याचा जन्म १६०६ साली हॉलंडमधील लायडन या शहरात झाला. त्याचे वडील पवनचक्कीवर धान्य दळण्याचा व्यवसाय करत. रेम्ब्रांटला माणसांचे चेहरे रंगवायची आवड होती. सरावासाठी तो आरशात पाहून स्वतःचाच चेहरा काढी. १६२८ च्या सुमारास त्याने असेच एक आत्मचित्र रंगवले. त्यात उजेड फक्त मान, कानाची पाळी आणि गाल यांवर पडला आहे. डोळे सावलीत आहेत; तरी ते आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटते. कुरळे केस दाखवण्यासाठी त्याने ब्रशचा लाकडी दांडा ओल्या रंगावर ओढला!

रेम्ब्रांट चित्राची पार्श्वभूमी गडद ठेवी. सावलीच्या जागी तो रंगाचा पातळ थर देई. जिथे उजेड पडतो, त्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर मात्र जाड रंग लावी. त्यामुळे चेहरा अंधारातून पुढे आल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याची नजर कुठे जावी, हे तो उजेडाने सांगे. काय झाकावे, हे तो सावलीने ठरवी.

पुढे त्याने भारतातील मोगल चित्रे पाहिली. मोगल चित्रकार चेहऱ्यावर सगळीकडे सारखा उजेड दाखवत आणि नाजूक रेषेने चेहऱ्यात जीव आणत. ही चित्रे पाहून रेम्ब्रांटने केलेली सुमारे २३ रेखाटने आजही जपून ठेवली आहेत. त्यांत बादशहा शाहजहानचेही रेखाटन आहे. छायाप्रकाशाचा हा उस्ताद नाजूक रेषेपुढे पुन्हा विद्यार्थी झाला.

त्याच काळात त्याच्यावर संकट आले. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. घर गेले, जमवलेल्या वस्तू विकल्या गेल्या. पण त्याने आरसा दूर केला नाही. १६६९ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्याने पुन्हा स्वतःचे चित्र काढले. त्याच वर्षी तो वारला. लंडनमध्ये असलेल्या या चित्रात उजेड थेट त्याच्या थकलेल्या चेहऱ्यावर पडला आहे. सुरकुत्या, सैल झालेले गाल, पांढरे केस, सारे काही त्यात आहे. हे सारे सावलीत लपवणे त्याला सहज जमले असते. त्याने ते लपवले नाही.

मित्रांनो, चित्र काढताना सावलीला घाबरू नका. सावली आहे, म्हणूनच उजेड दिसतो. पण उजेड कुठे पाडायचा, हे मात्र प्रामाणिकपणे ठरवा.

शब्दार्थ
विजेरी – बॅटरी, टॉर्च
आत्मचित्र – चित्रकाराने काढलेले स्वतःचे चित्र
पार्श्वभूमी – चित्रातील मागचा भाग
दिवाळे निघणे – कर्ज फेडण्यासाठी पैसे न उरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रेम्ब्रांटचे वडील कोणता व्यवसाय करत?
(आ) रेम्ब्रांट जाड रंग कुठे लावी?
२. मोगल चित्रे आणि रेम्ब्रांटची चित्रे यांतील फरक सांगा.
३. 'त्याने आरसा दूर केला नाही' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. उपक्रम : पाठाच्या सुरुवातीचा प्रयोग करा आणि आरशात काय दिसले, ते पाच वाक्यांत लिहा.