नावेचे चिलखत

वऱ्हाडात समुद्र नाही, पण नावा आहेत. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. अकोला जिल्ह्यात महान येथे काटेपूर्णा धरण आहे. अशा जलाशयांत मासेमार नाव घेऊन जातात.

मुलांनो, लोखंडी पत्र्याच्या नावेचा मोठा शत्रू कोण? गंज! लोखंडाला पाणी व प्राणवायू मिळाला, की गंज चढतो. पत्रा झिजतो, त्याला भोक पडते. नावेत पाणी शिरले, तर माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून रंग केवळ शोभेसाठी नसतो. तो नावेचे चिलखत असतो.

जुन्या रंगावरच नवा रंग फासला तर? नाव चार दिवस चमकेल. पण खाली गंज वाढतच राहील. मग रंगाचे पापुद्रे निघतील.

चांगला कारागीर घाई करत नाही. तो नाव काठावर घेतो, चिखल व शेवाळ धुतो आणि ती वाळू देतो. मग सुटलेला रंग खरवडतो. तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने गंज घासून काढतो. जुन्या रंगाच्या धुळीत विषारी शिसे असू शकते. म्हणून तो नाकातोंडावर मास्क लावतो. मुलांनी या धुळीपासून दूरच राहावे.

घासलेला पत्रा उघडा ठेवला, तर पुन्हा गंजतो. म्हणून धूळ पुसून त्याच दिवशी प्रायमर लावावा. सांधे आणि कडा आधी रंगवाव्यात. गंज तेथूनच शिरतो. तळ सतत पाण्यात असतो. त्याला घराच्या दाराचा रंग टिकत नाही. नावेसाठी बनवलेलाच रंग हवा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. पहिला थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या पत्र्यावर रंग वरून लवकर सुकतो, आत ओला राहतो आणि त्याला फोड येतात. म्हणून सकाळी, पत्रा थंड व कोरडा असताना रंगवावे.

रंग सर्वांना दिसतो. त्याखालची मेहनत दिसत नाही. पण नाव तिच्याच बळावर टिकते.

शब्दार्थ
चिलखत – लढाईत अंगाचे रक्षण करणारा पोशाख
पापुद्रा – पातळ थर
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे

स्वाध्याय
१. गंज कशामुळे चढतो?
२. रंगाला नावेचे चिलखत का म्हटले आहे?
३. भर दुपारी रंग का देऊ नये?
४. तुमच्या शाळेचे लोखंडी फाटक पाहा. त्यावर गंज कोठे आहे, ते पाच वाक्यांत लिहा.